दादाची बंदूक तयार आहे

आमच्या ह्यांना अख्खा बाजार 'उद्यावाले' म्हणतो. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण दुकानात येऊन मलाच विचारतात, "उद्यावाले आहेत का?" आणि मग जीभ चावतात. आमचं बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे. वाटणी अशी, की दुरुस्ती हे करतात आणि गिऱ्हाइकांची बोलणी मी खाते. ह्यांच्या हातात कला आहे, त्याबद्दल दुमत नाही. सोमवारी देतो म्हणून घेतलेली बंदूक सोमवारीच मिळते, फक्त तो सोमवार कुठल्या महिन्यातला ते विचारायचं नाही. विचारलं की भिंगातून मान वर न करता उत्तर येतं, "अजून मनासारखी झाली नाही."

एवढी वर्षं मी हे ऐकून घेतलं. यंदा मात्र कंबर कसली. रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली, 'दिलेला वार पाळला जाईल', आणि गल्ल्याच्या वर ठळक दिसेल अशी लावली. ह्यांनी पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे कानस घासायला घेतली. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर कुठे बोलावं आणि कुठे बोलू नये हे माणसाला कळतं.

त्या पाटीखाली पहिलं गिऱ्हाईक आलं ते माझा थोरला भाऊ. दादाची गावाबाहेर फळबाग आहे. रानडुकरं शिरतात म्हणून त्याच्याकडे परवान्याची बंदूक आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. ती त्याने कापडात गुंडाळून आणली होती. वहिनीला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून दादा कमी बोलायचा, पण तो आधीही फार बोलायचा अशातला भाग नाही. घरातलं बोलायचं खातं वहिनीकडे होतं.

"काय झालं बंदुकीला?" मी विचारलं.

"चाप अडकतो," दादा म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "दाजी, घाई नाही हं. सावकाश होऊ दे."

"घाई नाही कशी?" मी म्हटलं. "पाटी वाच की. पुढच्या सोमवारी तयार मिळेल."

"बबे, खरंच घाई नाही." या वयातही तो मला बबीच म्हणतो. "पडू दे इथेच. हंगाम नाही, डुकरं नाहीत."

मी त्याला चहा दिला. त्याने अर्धा प्यायला आणि कप हातात धरून बराच वेळ ह्यांच्या टेबलाकडे बघत बसला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली होती. मी उठून ती नीट लावून दिली आणि वर चार शब्द सुनावले, की बायको नाही म्हणून माणसाने असं गबाळं राहायचं नसतं. तो हसला. निदान मला तरी वाटलं की हसला.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी बंदूक उघडली. चाप ओढून पाहिला, परत परत पाहिला, भिंग लावून पाहिला, आणि मग अपमान झाल्यासारखं तोंड केलं.

"याला काही झालेलं नाही."

"दादा म्हणतो अडकतो."

"अडकत नाही. लोण्यासारखा चालतोय."

"मग तेलपाणी करा, पुसा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं. मला काय, पाटीची अब्रू राखायची होती. ह्यांची कुरकुर चालू होती, की दुखणं नाही तर औषध कसलं द्यायचं, पण मी पिच्छा सोडला नाही. सोमवारी सकाळी बंदूक साफ होऊन, नळीला तेल लागून, तिजोरीत उभी होती. सांगितलेल्या वारी तयार झालेली आमच्या दुकानातली ती पहिली वस्तू असेल. मला इतका आनंद झाला की मी लगेच दादाला फोन लावला.

"दादा, तुझी बंदूक तयार आहे."

पलीकडे बागेतला पंप चालू होता, तो त्याने बंद केला.

"इतक्यात?" तो म्हणाला.

"इतक्यात काय? तुझ्या दाजींनी इतिहास घडवलाय. कौतुक राहिलं बाजूला. केव्हा नेतोस? तिजोरीत जागा नाही माझ्या."

"दोन दिवस राहू दे की."

"राहू दे नाही नि काही नाही. झालेलं काम पडून राहिलं की ह्यांना सवय लागते. मुकाट्याने येऊन घेऊन जा."

"बरं," तो म्हणाला. लहानपणापासून तो असाच. मी लहान, पण मी दटावलं की हा ऐकणार. "शुक्रवारी सकाळी येतो."

मी फोन ठेवला आणि दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटले.

बुधवारी दुकान आवरत होते तेव्हा माझी भाची, आमची छोटी, आली. दादाची ही एकुलती एक लेक शहरातली बस चालवते. अंगावर तिचा तो निळा गणवेश होता, म्हणजे काम सुटल्यावर घरीही न जाता थेट इकडे आली होती. तिने दाराला आतून कडी घातली आणि विचारलं, "आत्या, बाबांची बंदूक इथेच आहे ना?"

"आहे. शुक्रवारी नेणार आहेत."

ती स्टुलावर बसली.

मग तिने जे सांगितलं ते मी आधी ऐकूनच घेत नव्हते. दादाने कुत्रा शेजारच्या बागवाल्याला देऊन टाकला होता. कलमं करायचा चाकू, ज्याला तो आम्हा कुणाला हात लावू देत नसे, तो माळ्याला दिला होता. तिला बोलावून बागेच्या पंपाचं, पाण्याच्या पाळ्यांचं सगळं समजावून सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, "माझं कुणावाचून आणि कुणाचं माझ्यावाचून काही अडत नाही आता." डॉक्टरकडे चला म्हटलं तर उठून बागेत गेला होता.

"म्हणून मी अर्ज केलाय," ती म्हणाली. "तो नवा कायदा आलाय ना, घरच्यांना करता येतो तो. शुक्रवारी दुपारी सुनावणी आहे. न्यायाधीशांना पटलं तर परवाना वर्षभर स्थगित होतो आणि बंदूक सरकारकडे जमा होते."

तो कायदा मला ठाऊक होता. असल्या धंद्यात आहोत म्हटल्यावर माहीत असणारच. ज्या माणसाच्या हातात बंदूक असणं स्वतःला किंवा दुसऱ्याला धोक्याचं आहे, त्याच्याकडून ती काढून घेता येते. कायद्यात अशा माणसाला नाव आहे, धोकादायक व्यक्ती. आजवर आमच्याकडे असे दोघेतिघे ऐकून होते, एक बायकोवर बंदूक रोखणारा, एक शेजाऱ्याला धमक्या देणारा. त्या रांगेत माझा दादा.

माझा तिळपापड झाला. "दादा धोकादायक?" मी म्हटलं. "मुंगी चिरडली तर हळहळणारा माणूस तो. उद्या सगळ्या गावात बोभाटा होईल. पोटच्या पोरीने बापाला कोर्टात उभं केलं म्हणतील. मला विचारायचंस तरी."

"तुला विचारलं असतं तर तू हेच बोलली असतीस," ती म्हणाली. "आत्या, मला दुसरा शब्द नाही मिळाला. आई गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता एवढं एक आहे."

ती रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि विषय तिथेच मिटवला असता. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मला दादाचं ते 'इतक्यात?' आठवलं.

ह्यांनी भिंग काढून ठेवलं.

"आदेश येईपर्यंत परवाना चालू आहे," हे म्हणाले. "काम पूर्ण झालंय. मालकाने मागितली आणि मी दिली नाही, तर पोलीस येऊन मलाच द्यायला लावतील. वर आपलं दुकान बंद."

"मग मी त्याला फोन करते, येऊ नको म्हणून," मी म्हटलं.

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. दादाने 'का?' असं विचारलं की मी सगळं ओकून मोकळी होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही ही काही लपून राहिलेली गोष्ट नाही. मी फोन केला नाही.

गुरुवार कसा गेला ते मला सांगता येणार नाही. गिऱ्हाइकांशी मी इतकं गोड बोलले की एकाने तब्येत विचारली. त्या पाटीकडे मात्र बघवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी घरातून दुकानात आले तर हे माझ्या आधीच येऊन बसलेले. टेबलावर हिरवं कापड पसरलेलं आणि त्यावर दादाची बंदूक. बंदूक म्हणायला अर्थ नव्हता. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, चाप, कमानी, खिळे, बारीकसारीक सगळं सुटं करून मांडलेलं. हे एकेक तुकडा उचलून फडक्याने पुसत होते. तुकडे आधीच चकचकीत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"अजून मनासारखी झाली नाही," हे म्हणाले.

या वाक्यावरून मी आजवर किती भांडले असेन. त्या सकाळी मात्र मला ह्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण तेवढ्यात दादा आला.

दाढी केलेली होती, कपडे इस्त्रीचे होते, बटणंही बरोबर होती. ते बघून मला जास्त भीती वाटली. तो दारातच उभा राहिला. जणू कुणीतरी पाठवलं म्हणून आला होता, आणि पाठवणारी मीच होते.

"आलो बबे," तो म्हणाला. "तयार आहे म्हणालीस ना?"

हे म्हणाले, "नाही दादा. हिला काय कळतंय त्यातलं. अजून काम आहे."

दादा टेबलापाशी आला. त्या सुट्या तुकड्यांकडे त्याने नीट पाहिलं. मग त्याने खांदे खाली सोडले. ओझं उचलून चालत आलेल्या माणसाला कुणी म्हणावं, ठेव रे बाबा खाली, तसे ते खांदे खाली आले. तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "असं का. बरं, बरं. होऊ दे मग सावकाश."

बंदूक मिळाली नाही म्हणून एवढं हायसं वाटलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला थोडंफार उमगलं, पण सगळं नाही. एवढं मात्र कळलं, की आज सकाळी कोर्टाचा माणूस नोटीस घेऊन बागेवर गेला असणार आणि परक्याच्या तोंडून दादाला हे कळायच्या आत मीच सांगायला हवं. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. छोटीने अर्ज केलाय, दुपारी सुनावणी आहे, तुला बोलावलंय. कायद्यातला तो शब्दही सांगितला. लपवायचं काय त्यात, तिथे वाचून दाखवणारच होते.

मला वाटलं आता उठेल, लेकीचं नाव टाकेल, बंदूक आत्ताच्या आत्ता जोडून द्या म्हणेल.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

सुनावणीची खोली म्हणजे एखाद्या शाळेची शिक्षकांची खोली असावी तेवढी. एक लांब टेबल, भिंतीला लोखंडी कपाटं, एक करकरणारा पंखा. न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांना सर्दी झालेली होती. छोटी गणवेशातच आली होती, नंतर तिला बस घेऊन निघायचं होतं. बापाला बघताच ती उठून उभी राहिली, पुढे यावं की नाही ते तिला ठरवता येईना, आणि पुन्हा बसली.

तिने सगळं सांगितलं. कुत्रा, चाकू, पंप. थांबे पुकारावेत तसं एकापुढे एक सरळ सांगत गेली, कारण मध्ये थांबली असती तर पुढे गेलीच नसती. न्यायाधीश बाईंनी परवाना चाळला. एवढ्या वर्षांत एक तक्रार नाही, भांडण नाही, दारू नाही. "नोंद स्वच्छ आहे यांची," त्या म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वी मी हेच ओरडून सांगत होते. आता मात्र त्यांना ते पटलं आणि अर्ज फेटाळला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" त्यांनी दादाला विचारलं. "हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे."

दादा उभा राहिला. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"चाप अडकत नव्हता," तो म्हणाला.

न्यायाधीश बाईंना काही कळलं नाही. त्यांनी त्याला पुढे बोला अशी खूण केली.

"बंदूक चांगली होती. मी दाजींकडे टाकली, कारण त्यांच्याकडे गेलेली वस्तू महिनोन्‌महिने परत येत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. घरात ठेवायची नव्हती मला. कुणाला सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागलं असतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तिथे टाकून आलो तेव्हा खूप दिवसांनी झोप लागली. मग हिचा फोन आला, तयार आहे म्हणून. त्यानंतर डोळ्याला डोळा नाही."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. भर कोर्टात, नाक पुसायला पदर की रुमाल याचंही भान राहिलं नाही. ह्यांनी खिशातलं फडकं पुढे केलं, तेलाचं, आणि मी तेच लावलं तोंडाला.

"म्हणजे आदेशाला तुमची हरकत नाही?" न्यायाधीश बाईंनी हळू विचारलं.

"नाही."

"त्यात धोकादायक असा शब्द येतो. तो सगळ्यांसाठी एकच आहे."

"येऊ द्या. बरोबर आहे तो." मग तो लेकीकडे वळला. तिची मान खाली होती. "एवढा उशीर का केलास गं?"

"तुम्ही रागवाल म्हणून," छोटी म्हणाली.

"रागावलो असतो," दादा म्हणाला. "मग?"

तेव्हा ती रडली. बुधवारपासूनचं, आणि मला वाटतं त्याच्याही आधीचं, सगळं एकदम रडली. दादा टेबलाला वळसा घालून तिच्याकडे गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. न्यायाधीश बाईंनी मान खाली घालून आदेश लिहायला घेतला. वर्षभर परवाना स्थगित, बंदूक जमा, आणि आठवड्याच्या आत डॉक्टरांची भेट, त्यांचं नावसुद्धा त्यांनी स्वतः घालून दिलं. संध्याकाळच्या आत हवालदार दुकानात येऊन बंदूक घेऊन जाणार होता. ह्यांनी हात वर करून विचारलं, "सुटी चालेल का, जोडलेली लागेल?" इतक्या वेळात पहिल्यांदा बाई हसल्या आणि म्हणाल्या, कशीही चालेल.

बाहेर आलो आणि माझा जीव भांड्यात पडला. रस्त्यावर नेहमीचीच वर्दळ होती, फळवाला ओरडत होता, कुणीतरी कुणाला तरी हॉर्न देत होतं, आणि मला ते सगळं फार छान वाटत होतं. मी दादाला म्हटलं, फोन केला ते चुकलं माझं. तो म्हणाला, "तू काय, तुला आनंद झाला होता." हे दुकानाकडे गेले. दादा डॉक्टरांची भेट होईपर्यंत आमच्याकडे राहणार असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. नेहमीप्रमाणे त्याने ऐकलं.

आमच्या घरावरून जाणारी बस छोटीचीच होती. आम्ही दोघं तिच्या मागच्या बाकावर बसलो. तिने आरसा नीट केला, तोंडावरून हात फिरवला आणि गाडी सुरू केली. पहिलं वळणही आलं नव्हतं, तोच दादाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी मला वाटलं चक्कर आली. पण त्याचा श्वास संथ चालला होता, तोंड थोडं उघडं होतं, आणि हलका घोरण्याचा आवाज येत होता.

आमचा थांबा आला. छोटीने आरशातून पाहिलं. मी मान हलवली. तिने दार उघडलं, माणसं उतरली, माणसं चढली, दार लावलं आणि गाडी पुढे काढली. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरून गेले. एक म्हातारे गृहस्थ जाताजाता वाकले आणि दादाचा खांदा हलवून म्हणाले, "अहो, उठा. आलं शेवटचं."

"राहू द्या," मी म्हटलं. "आम्ही याच गाडीने परत जाणार आहोत."

छोटीने पुढची फेरी घेतली. ती संध्याकाळपर्यंत गाडी चालवत होती आणि दादा झोपला होता. माझा खांदा पार बधिर झाला होता, पण मी हलले नाही.